कपातली पांढरी वाट

दुबोवात्स,
२८ सप्टेंबर १९८६

ति. विदाताईस धाकट्या ओब्रादचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितो आहे. तेव्हा आधी मनासारखं रागावून घे, मग पुढे वाच. चष्म्याची काडी मोडली होती हे खरं, आलुबुखारांची दारू काढायची होती हेही खरं. पण सगळ्यात खरं हे की काहीतरी चांगलं घडेल आणि ते लिहीन असं म्हणत थांबलो होतो, आणि तसं काही घडलं नाही.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. काळजी आहे ती पोरीची, स्मिल्याची. तू ऑगस्टमध्ये तिला तुमच्या नोवी सादच्या डॉक्टर कोवाचबाईंकडे नेलंस, त्याचे उपकार मी विसरणार नाही, पण त्या बाईंनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरत नाही. तू तीस वर्षं हॉस्पिटलातल्या चादरी मोजल्यास, तुला तरी कळत असेल.

बांधावर नोकरीला होतो तेव्हा पाण्याची उंची रोज सकाळी वहीत लिहायचो. आता पेन्शनीत त्याच वहीत स्मिल्याचं डोकं लिहितो. या महिन्यात आजपर्यंत बावीस दिवस अर्धशिशी, त्यातले सहा दिवस मास्तरीणबाईंचीच शाळेला दांडी. गोळी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस. दुखलं की एक, दुखेलसं वाटलं की एक, कोशावा वारा सुटला की एक. परवा पालकसभेला निघताना गोळ्यांची पुरचुंडी दुसऱ्या कोटात राहिली. अर्ध्या वाटेवर तिला ते आठवलं आणि उभ्या उभ्या कपाळ ठणकायला लागलं. तोवर काही नव्हतं.

आता कोवाचबाई म्हणतात की गोळ्यांनीच डोकं दुखतंय. रोज घेतल्या म्हणून रोज दुखतं, सगळ्या एकदम बंद करा. आधी दहाबारा दिवस फार वाईट जातील, मग हळूहळू उतरेल. ताई, मी चौथी शिकलेला माणूस, पण चौतीस वर्षं डॅन्यूबचा बांध राखला. पाणी झिरपायला लागलं की तिथे वाळूचं पोतं टाकायचं, बोटाएवढं भोक असतानाच. पोत्यांमुळे पूर येतो असं मला कुणी सांगितलं असतं तर त्याला मी घरी पाठवलं असतं.

स्मिल्याने मात्र ठरवलं आहे. सहा ऑक्टोबरपासून बंद. शाळेतून रजा घेतली आहे. तिने सगळ्या गोळ्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, बाबा, चुलीत टाका, आणि मी पाया पडले तरी देऊ नका. मी टाकल्या. एक पाकीट सोडून. ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं आहे, असावं म्हणून. तिला सांगू नकोस.

तुला ठाऊक आहे मी असा का आहे ते. माझी लेपोसावा गवतात उभी होती, म्हणाली डोकं दुखतंय. मी म्हणालो, पड जरा, जाईल. आणि बांधावर गेलो, कारण पाणी चढलं होतं. परत आलो तेव्हा सगळं संपलं होतं. अकरा वर्षं झाली. डोकं हा शब्द ऐकला की मी पाण्याचा पेला भरायला उठतो. आता पोरगी विव्हळणार आणि मी ऐकत बसायचं, हे कसं करायचं ते तू सांग.

माया आहे तशी राहू दे.
तुझा
ओब्राद


नोवी साद,
३ ऑक्टोबर १९८६

चि. ओब्राद यास विदाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझंच डोकं चढलं, पण मी गोळी घेतली नाही, चहा घेतला. बघ, जिवंत आहे.

पिठाच्या डब्यामागचं पाकीट आजच्या आज जाळ. हे पहिलं. दुसरं, तुझ्या वाळूच्या पोत्यांबद्दल. मी कोवाचबाईंना ते जसंच्या तसं सांगितलं, कारण मला आवडलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या भावाला सांगा की पोती चांगली, पण रोज, कोरड्या बांधावरही टाकत राहिलं तर शेवटी बांधच खचतो. आता हे तुला कळतं की नाही ते तू ठरव.

आणखी एक म्हणाल्या. स्मिल्याला एक दुखणं आहे आणि दुसरं त्या दुखण्याची वाट बघणं आहे, आणि दुसरं पहिल्याला बोलावून आणतं. अर्धशिशी कधीपासून, असं विचारल्यावर ती म्हणाली, आई गेली त्या वर्षापासून. म्हणजे कपाळात जरा कळ आली की तिला वाटतं, माझंही तसंच होणार. तुला एकट्यालाच तसं वाटतं असं समजू नकोस. एका घरात दोघंजण एकाच भुताला घाबरून बसला आहात आणि एकमेकांना पाणी देत आहात.

लेपोसावाच्या डोक्यातली शीर फुटली होती. तू बांधावर गेला नसतास, तिचा हात धरून बसला असतास, तरी फुटलीच असती. हे मी तुला अकरा वर्षं सांगते आहे, आणि तू प्रत्येक वेळी मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोस.

करायचं काय, तर हे. खोली अंधारी ठेव, पाणी पाज, सकाळी ठरल्या वेळी एक कप कॉफी, तेवढी चालते. आई बांधायची तशा कच्च्या बटाट्याच्या चकत्या कपाळाला बांध, त्याने बरं होवो न होवो, तुझे हात कामात राहतील. आणि डोकं कसं आहे म्हणून विचारू नकोस. दारात उभा राहून तोंडाकडे बघूसुद्धा नकोस. तुझं ते तोंड मी ओळखते. विचारावंसं वाटलं की परसातला एक अक्रोड उचल आणि वाडग्यात टाक. संध्याकाळी किती झाले ते बघ म्हणजे तुलाच लाज वाटेल.

माझे पाय सुजतात, पण त्याचं पत्र वेगळं लिहीन. आपल्या घरच्या संताचा, निकोलाचा दिवस आला की येतेच. तोपर्यंत या म्हाताऱ्या बहिणीचा विसर पडू देऊ नकोस.

तुझी
विदाताई


दुबोवात्स,
१५ ऑक्टोबर १९८६

ति. ताईस ओब्रादचा सा. न. वि. वि.

हे पत्र पोहोचायच्या आधी स्मिल्या तुझ्या दारात पोहोचली असेल. आज सकाळच्या बसने गेली. निळी बॅग आहे, तिचा बंद सैल झाला आहे, तो बघ. तिने तुला काय सांगितलं असेल ठाऊक नाही. जे सांगितलं असेल ते खरं आहे. माझ्या बाजूने मला काही म्हणायचं नाही, फक्त कसं झालं ते लिहितो.

पाकीट मी जाळलं नाही.

पहिले चार दिवस मी तुझ्या सांगण्याप्रमाणे वागलो. पडदे लावले, बादली ठेवली, बटाटे बांधले. तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. वाडग्यात पहिल्याच दिवशी एकतीस अक्रोड पडले. चौथ्या दिवशी तिने गोळी मागितली. नाही म्हणालो. पुन्हा मागितली, म्हणाली, बाबा, अर्धी द्या, तुम्हाला शपथ आहे. पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ती मागायला आली ती भिंत धरून, आणि माझ्यावर ओरडली की तुम्ही माझे बाप नाही, दगड आहात. तरी दिली नाही. ताई, मी स्वतःवर खूश होतो. म्हटलं, विदाला लिहीन.

मग ती शांत पडली आणि उशीत तोंड घालून म्हणाली की आईला असंच झालं असेल. मला उद्देशून नाही, आपली आपणच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ठेवली. पिठाच्या डब्यामागे हात कधी गेला ते मला सांगता येणार नाही. मसाल्याच्या पितळी खलात अर्धी गोळी कुटली आणि तिच्या कपात टाकून वर कॉफी ओतली. कडू कॉफीत कडू काय कळणार. तासाभरात ती उठून बसली. दुपारी सूप प्यायली. संध्याकाळी अंगणात आली आणि म्हणाली, बाबा, उतरलं. बाईंनी दहा दिवस सांगितले होते, माझं पाचव्याच दिवशी उतरलं.

आता मी काय करणार होतो? तिथेच सांगायला हवं होतं. पण तिचं तोंड तू बघायला हवं होतंस. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली. म्हटलं, आजची शेवटची. तिने पडदे काढून धुतले, दोरीवर घालताना गात होती. मी अकरा वर्षांत तिला गाताना ऐकलं नव्हतं. असं करत पाच सकाळी गेल्या. वाडग्यात एकही अक्रोड पडला नाही, कारण विचारायची गरजच नव्हती, मला उत्तर ठाऊक होतं.

काल सकाळी कॉफीच्या वेळी शेजारची स्पासेनिया आली. स्मिल्या बरी झाल्याचं गावभर झालं होतं. ती आल्या आल्या म्हणाली, अगं मेले, इतकी गोरी दिसतेस, लग्न ठरवते आता तुझं, दाखव कप, गाळात तुझं भविष्य बघते. स्मिल्या या गोष्टी मानत नाही, मास्तरीण ना, पण काल तिचा मूड होता. कप संपवला, बशीवर पालथा घातला आणि गाळ सुकेपर्यंत दोघी खिदळत बसल्या. मी चुलीपाशी होतो. गोळी त्या दिवशी घाईत कुटली होती, नीट बारीक झाली नव्हती. ते माझ्या ध्यानात आलं, पण कप स्पासेनियाच्या हातात गेला होता.

स्पासेनियाने कप सुलटा केला, खिडकीपाशी नेला आणि ओरडलीच, की अगं, वाट! चांगली पांढरी वाट, तळापासून काठापर्यंत! पन्नास वर्षं कप बघते आहे, एवढी पांढरी वाट मी बघितली नाही, तू कुठेतरी लांब जाणार बघ. स्मिल्याने हसत हसत कप घेतला. मग हसू थांबलं. तिने बोट ओलं केलं, त्या पांढऱ्या रेघेवरून फिरवलं आणि जिभेला लावलं. ती चव ती अकरा वर्षं ओळखते.

तिने स्पासेनियाला काही कळू दिलं नाही. म्हणाली, हो काकू, वाट आहे खरी. ती गेल्यावर मला फक्त विचारलं, किती दिवस. मी म्हणालो, पाच. ओरडली असती तर बरं झालं असतं. कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि बॅग भरायला लागली. आज निघताना वाडग्यातले अक्रोड बघून विचारलं की हे काय. मी सांगितलं. ती म्हणाली, विदाआत्याने तुम्हाला मोजायला सांगितलं, धीर धरून थांबायला कुणी सांगितलं नाही.

ताई, मी तिला वाईट करायला गेलो नव्हतो. पण हे वाक्य लिहून झाल्यावर वाचलं तर त्यात काही दम दिसत नाही. पाकीट आता जाळलं आहे. तुझ्या सांगण्यावरून नाही, आपणहून.

तिला जेवायला घाल. आणि कशी आहे ते... नको. काही कळवू नकोस. माझ्यावर रागाव, पण आपला म्हण.

ओब्राद


नोवी साद,
९ नोव्हेंबर १९८६

ति. बाबांना स्मिल्याचा सा. न. वि. वि.

आत्या रोज म्हणते, बापाला लिही, तो बांधावर जाऊन बसत असेल. मी तिला सांगितलं की रागातून उठल्याशिवाय लिहिणार नाही. आज उठले आहे, पूर्ण नाही, पण लिहिण्याइतकी.

मी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. पहिल्या वेळेपेक्षा वाईट गेलं, कारण या खेपेस पुढे काय आहे ते माहीत होतं. अकराव्या दिवशी जरा उतरलं. काल, परवा आणि आज मिळून तीन दिवस कोरे. कोवाचबाई सांगतात की हुरळू नका, अर्धशिशी कायमची कुठे जात नाही, महिन्यातून चारपाच वेळा येईलच, तेव्हा त्या दुसरी गोळी देतील, पण मोजून. पहिली कळ आली की बसून श्वास मोजायचा आणि स्वतःला सांगायचं की हे दुखणं आहे, मरण नाही. मी ते मुलांना पाढे शिकवावे तसं मोठ्याने म्हणते. आत्या शेजारच्या खोलीतून आमेन म्हणते.

बाबा, तुम्ही कॉफीत गोळी घातलीत त्याचा मला इतका राग नाही. मला त्या पाच दिवसांचा राग आहे. मला वाटलं मी केलं. माझ्या हातून झालं. पडदे धुताना मी मनात म्हणत होते की आई, बघ. आणि ते माझं नव्हतंच.

पण एक गोष्ट मीही तुमच्यापासून लपवली आहे, ती न लिहिता हे पत्र पुरं झालं तर ते खोटं होईल. तुम्ही दारात येऊन उभे राहायचात, हातात पाण्याचा पेला, आणि तुमचं ते तोंड. कितीतरी वेळा माझं डोकं दुखत नसायचं. पण नाही दुखत म्हटलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही, तुम्ही पुन्हा यायचात. मग मी गोळी घ्यायची, म्हणजे तुम्ही निवांत बसाल. तुमच्या वहीत अठ्ठावीस दिवस गोळी आहे ना, त्यातल्या पाचसहा तुमच्यासाठी होत्या. कोवाचबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. आपण दोघांनी मिळून केलं आहे, तेव्हा कुणी कुणावर बोट दाखवायचं?

शाळेने नव्या वर्षापर्यंत रजा वाढवून दिली. संत निकोलाच्या दिवसाला घरी यावं की नाही ते मला ठरवता येत नाही. मला दुबोवात्सची भीती वाटत नाही, त्या दाराची वाटते. तुम्ही मला एक पत्र लिहा. त्यात माझ्या डोक्याबद्दल एक अक्षर नको. तुम्हाला ते जमलं, तर तुम्हाला दुसरंही जमेल असं मी धरून चालेन.

थंडी आली आहे, लोकरी बनियन घाला. प्रेम आहे ते कमी झालेलं नाही, थोडं दमलं आहे इतकंच.

तुमची
स्मिल्या


दुबोवात्स,
३० नोव्हेंबर १९८६

चि. स्मिल्या हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. उशिराबद्दल माफ कर, या वेळी चष्म्याचं निमित्त नाही. चार पत्रं लिहिली आणि चारही चुलीत गेली, कारण प्रत्येकात दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ओळीला मी तिथेच यायचो. हे पाचवं आहे. सावकाश लिहितो आहे.

पाण्याची उंची आज दोन मीटर बारा. आता ती वही पुन्हा पाण्यासाठी आहे. नोकरी नाही, कुणी विचारत नाही, पण सकाळी जाऊन बघून येतो आणि लिहितो. मागची पानं फाडली नाहीत, दोऱ्याने बांधून टाकली आहेत. तू आलीस की तूच ठरव.

ठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली आहे, नोव्हेंबरात! स्पासेनिया म्हणते कोंबडी घरधन्यावर जाते. तिला अजून काही ठाऊक नाही. आपण सांगितलेली वाट खरी निघाली, पोरगी नोवी सादला गेली, असं ती गावभर सांगत फिरते, आणि आता तिच्याकडे कप घेऊन रांग लागते. तिने माझाही कप बघायला मागितला. मी कप धुऊन टाकला.

बिहीची पिवळी, सफरचंदासारखी फळं कपाटावर ओळीने मांडली आहेत, तुझी आई मांडायची तशी. खोलीभर वास आहे. तुझ्या खोलीच्या दाराची कडी वाजायची ती दुरुस्त केली. आता ते दार आतून नीट लागतं. लागलेलं असेल तेव्हा मी ठोठावणार नाही. पाण्याचा माठ तुझ्या खोलीत ठेवला आहे, म्हणजे पेला घेऊन कुणी यायला नको.

गेल्या आठवड्यात कोशावा तीन दिवस होता. मी खिडकीशी बसलो होतो आणि चिनार वाकताना बघत होतो आणि मला वाटलं की. वारा होता. चौथ्या दिवशी पडला.

तुझ्या पत्रातलं ते पाचसहाचं वाचलं. ते वाचून मी बांधावर गेलो आणि तुझी आई गेली त्या दिवशी जिथे उभा होतो तिथे थोडा वेळ उभा राहिलो. पाणी खाली होतं, बांध कोरडा होता. मग घरी आलो आणि जेवलो. एवढंच.

सणाचा पाव सांगून ठेवला आहे. वर लाल वाइन ओतून तो सगळ्यांनी हाताने धरून फिरवायचा असतो. गेल्या वर्षी तू, मी आणि ताई होतो. ताई म्हणते की येईन, पण तिचे पाय सुजले आहेत. एकट्या माणसाला तो फिरवता येत नाही, मी परवा साध्या पावावर करून बघितलं.

आणि केक मी करणार आहे. हसू नकोस. स्पासेनियाने कृती सांगितली, अर्धा किलो अक्रोड लागतात. विकत आणावे लागणार नाहीत. आईच्या मोठ्या वाडग्यात आहेत. तू गेल्यानंतर पहिल्या आठवड्यात तो भरून वाहिला, म्हणून दुसरा घेतला. दुसरा भरायला दोन आठवडे लागले. तिसरा अजून अर्धाच आहे. सगळे फोडतो आहे, रोज थोडे. दोन केक होतील असं दिसतं.

सकाळची बस साडेआठला येते आणि दुपारची दोनला. कुठल्या बसने येतेस ते लिही, म्हणजे मी फाटकाशी उभा राहीन. दारात नाही, फाटकाशी. न येण्याचं ठरलं तरी लिही. चार ओळी पुरेत, तुला वाटेल त्या, आत्याच्या मांजराबद्दल लिहिलंस तरी चालेल. पण लवकर लिही, पोरी.

तुझा
बाबा